सदाचा विडा

माझं तोंड वाईट हाय, हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक हाय. मी अंबाजी तांडेल. रेवदंड्याच्या खाडीत माझी सहा माणसांची होडी, तिचा म्होरक्या मीच. वल्हं जरा चुकलं की मी समोरच्याच्या सात पिढ्या काढतो, आणि घटकाभरानं त्यालाच माझ्या ताटातला तळलेला बोंबील देतो. म्हणून खलाशी माझ्याकडे टिकतात. पण ज्या वेळी बोलायला पाहिजे होतं त्या वेळी मी गप बसलो, ते सांगतो.

सदा माझा धाकटा भाऊ. पंधरा वर्सांचा असताना मुंबईला गेला, परळच्या एका गिरणीत मागावर लागला आणि चौदा वर्सं तिथंच कापड विणलं. लग्न झालं तशी राहीला घेऊन चाळीत राहिला. गणपतीला आणि शिमग्याला यायचा तेव्हा अंगात पांढरा सदरा, पायात वहाणा, खिशाला पेन्सिल. रात्रशाळेत जाऊन लिहाय-वाचाय शिकला होता. आमचा बाप हिरामण मरेपर्यंत सगळ्यांना सांगायचा, आमच्या घरात एक तरी माणूस कोरड्या कपड्यानं कामाला जातो. मला राग यायचा. मीही त्याचाच मुलगा होतो, फक्त माझे कपडे ओले होते.

मग एका वर्सी मालकांनी ठरवलं, दोन मागांवर एक माणूस उभा राहतो तो आता चार मागांवर उभा राहील. म्हणजे निम्मी माणसं घरी. संप झाला, चालला, फिसकटला. फाटक परत उघडलं तेव्हा आत घ्यायच्या माणसांत सदाचं नाव नव्हतं. दसरा झाल्यावर राही आणि एक पत्र्याची पेटी घेऊन तो आगबोटीनं घरी आला. पेटी मीच खांद्यावर घेतली.

मी म्हटलं, "आलास ते बरं झालं. दर्या कुणाला कामावरनं काढत न्हाय."

तो म्हणाला, "दादा, मी दोन महिन्यांसाठी आलोय."

त्याला एकच पाहिजे होतं, गिरणीतला माग परत. दुसरं काही मिळालं तर तोपर्यंत चालेल, पण मन मागावर. सुरुवातीला दर पंधरवड्याला मुंबईला जायचा आणि पहाटे गिरणीच्या फाटकावर बदली कामगारांच्या गर्दीत उभा राहायचा. पहिल्या खेपेला माणसं भरणाऱ्या जॉबरनं नावानं हाक मारली, म्हणाला, सदा, पुढच्या महिन्यात बघू. दुसऱ्या खेपेला म्हणाला, ए, बाजूला हो. तिसऱ्या खेपेला त्यानं बघितलंच न्हाय. हे मला त्यानं सांगितलं न्हाय. त्यानं राहीला सांगितलं, राहीनं माझ्या बायकोला, काशीला, आणि काशीच्या पोटात काय राहतंय.

मग इकडं शोधायला लागला. अलिबागला कचेरीत पट्टेवाल्याची जागा होती. इस्तरी न्हाय आमच्याकडे, तर तांब्यात निखारे घालून राहीनं त्याचा सदरा कडक केला. कारकुनानं विचारलं, गिरणीत होतास म्हणजे संपात होतास. हा बोलला, व्हय. खोटं बोलायला काय झालं होतं? पण न्हाय. संपवाला माणूस सरकारी कचेरीत कोण घेतो. आगरदांड्याला आगबोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडायला माणूस पाहिजे असं कळलं. साळावची खाडी उतरून, मुरूडवरनं चालत चालत दिवसभर गेला. तिथं एजंट म्हणाला, कालच भरली जागा. आणि मागं खुर्चीत त्याचाच भाचा बसला होता. पेणकडं एका मिठागरावर गेला तर तिथला मुकादम बुधाजी आगरी त्याचे हात बघून हसला. म्हणाला, "तुम्ही कोळी माणसं माशाला मीठ लावणारी. मीठ पिकवणं आमच्यावर सोडा." वाईट माणूस नव्हता तो, जेवायला घालून पाठवलं. पण काम न्हाय ते न्हायच.

प्रत्येक खेपेला परत येताना वाडीतनं यावं लागायचं. आणि आमची वाडी म्हणजे काय विचारता. जाळं शिवणारा म्हातारा विचारणार, मासळी निवडणारी बाई विचारणार, "काय सदा, लागलं काय काम?" वाईटपणानं न्हाय, पण विचारणार. मग तो वाडीतनं यायचा बंद झाला. किनाऱ्यानं, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या मागनं, मान खाली घालून मागच्या दारानं घरात शिरायचा. आधी रोज दाढी करायचा. मग आठवड्यानं करायला लागला. मग राहीनं आठवण केली की करायचा.

राही मात्र खमकी. "येईल," म्हणायची. "शिवदास हाय ना तिथं, तो सांगेल. येईल तुमचं कार्ड." शिवदास म्हणजे थेरोंड्याचा पोरगा, सदाच्या शेजारच्या मागावर असायचा. त्याची नोकरी राहिली होती आणि जागा निघाली की कळवीन असं तो बोलला होता. आठवड्यातनं दोनदा पोस्टमन यायचा, त्या दिवशी सदा उगाच उंबऱ्यात काहीतरी दुरुस्त करत बसायचा.

आता विड्याचं सांगतो. आमच्याकडे नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की तांडेल पानाचे विडे मांडतो, एका खलाशाला एक. ज्यानं विडा उचलून खाल्ला तो शिमग्यापर्यंत त्या होडीला बांधला. कागद न्हाय, अंगठा न्हाय. मधेच जायचं झालं तर तांडेलानं सगळ्यांसमोर 'सुटलास' असं म्हणावं लागतं. ते न म्हणता जो जातो त्याला या किनाऱ्यावर दुसरी होडी उभी करत न्हाय, आणि त्याच्या घरच्या बाईला पाणवठ्यावर ऐकून घ्यावं लागतं.

सदा आल्यावरच्या पहिल्या नारळी पुनवेला मी त्याच्यापुढं विडा ठेवला. त्यानं तो उचलला, आणि परत ठेवला. बाकी चौघा खलाशांच्या देखत. म्हणाला, "दादा, माझं कार्ड येईल. मला बांधू नकोस." तांडेलाचा विडा परत ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यातलाच प्रकार. मी काय काय बोललो ते आता सांगत न्हाय. शेवटचं एवढं आठवतं, "गिरणीवाल्या, परत माझ्या होडीच्या सावलीला उभा राहू नकोस." ते वर्स मी परका माणूस घेऊन काढलं.

दुसरं वर्स आलं. कार्ड आलं न्हाय. सदा मुंबईला जायचा थांबला. अलिबागला जायचा थांबला. दिवसभर पडवीत भिंतीला टेकून बसायचा आणि हाताची बोटं हलवत राहायचा, जसा काय तुटलेला धागा जोडतोय. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, "मी काय केलंय जेवायला?" राही ताट त्याच्यापुढं ठेवून दुसरीकडे तोंड करून बसायची. काशी मला म्हणाली, "तुमचा भाऊ संपत चाललाय. तुमचं ते तोंड जरा आवरा आणि त्याला होडीवर घ्या."

म्हणून त्या पुनवेला मी परत त्याच्यापुढं विडा ठेवला. बाकी खलाशी बघत होते. सदानं बराच वेळ विड्याकडं पाहिलं. मग उचलला, तोंडात घातला आणि चावायला लागला. चावता चावता डोळ्यांतनं पाणी आलं, तसाच गिळला. भिकू खलाशी म्हणाला, "चुना जास्त झाला वाटतं." सगळे हसले. राही घरात निघून गेली. मला मात्र खरं सांगतो, बरं वाटलं. माझा भाऊ माझ्या होडीवर आला म्हणून बरं वाटलं, आणि माझं नाक वर झालं म्हणूनही.

पुनवेनंतर तेरसीला पोस्टमन आला. शुक्रवार होता. सदा दोर आणायला चौलला गेला होता, मी किनाऱ्यावर होडीला तेल चोळत होतो. पोस्टमननं कार्ड माझ्या हातात दिलं. मला वाचता येत न्हाय हे त्याला माहीत, म्हणून त्यानंच वाचलं. शिवदासचं होतं. एक विणकर आजारी पडून कायमचा गावी गेला, जॉबरशी बोलून ठेवलंय, सोमवारी सकाळी सदानं फाटकावर उभं राहायचं, चार माग मिळतील, उशीर करू नको. पोस्टमन म्हणाला, "उद्याच निघायला सांगा. पावसाळ्यात आगबोट न्हाय, धरमतरवरनं जावं लागेल." आणि तो पुढच्या गावाला गेला.

कार्ड मी हातात धरून उभा होतो. मला दोन शब्द बोलायचे होते. सदा आला की सांगायचं, कार्ड आलंय. आणि खलाशांसमोर म्हणायचं, सुटलास. झालं, संपलं.

आता कारणं विचाराल तर माझ्याकडे भरपूर हायत. अमावास्येचं उधाण तोंडावर आलेलं. उधाणाच्या ओढीत आमची डोल जाळी भरतात, भांगाच्या दिवसांत पाणी मरतं आणि होडी किनाऱ्यावर. वर्सातलं पहिलं उधाण, आणि सहा माणसांची होडी पाच माणसांत ओढवत न्हाय. दुसरं कारण, मी मनाला म्हटलं, हा जाईल, जॉबर परत म्हणेल बाजूला हो, आणि हा आणखी मोडून परत येईल. आत्ताच कुठं वल्हं धरायला लागलाय. ही दोन कारणं मी काशीला सांगितली असती तर तिनंही मान हलवली असती. तिसरं मी कुणाला सांगितलं नसतं. गेल्या वर्सी त्यानं माझा विडा परत ठेवला होता.

मी ठरवलं, उधाण संपू दे, गणपतीनंतरच्या भांगात सांगीन. सोमवार त्याच्या आधी येऊन जाणार होता, हे मला कळत होतं. मी काही येडा न्हाय. कार्ड मी छपराला घातलेल्या माडाच्या झापात खोचून ठेवलं.

संध्याकाळी दोराचं भेंडोळं खाली टाकत सदानं विचारलं, "पोस्टमन आला होता काय?"

"आला होता," मी म्हटलं. "आपलं काय नव्हतं."

"मी पण कशाला विचारतोय आता," तो म्हणाला आणि हसला.

सोमवारी आम्ही दर्यात होतो. त्या उधाणात जवळा असा लागला की जाळं उचलेना. सदाच्या तळहाताची कातडी निघाली, खाऱ्या पाण्यात हात घातला की तोंड वाकडं करायचा, पण सोडायचा न्हाय. एका ठिकाणी जाळं फाटलं तर तिथंच बसून त्यानं पटापट गाठी मारल्या. भिकू म्हणाला, "अरे, हा विसरला न्हाय." सदा म्हणाला, "गिरणीत धागा तुटला की हीच गाठ मारतात. चौदा वर्सं मी तुमचंच काम करत होतो, फक्त कोरड्या जागी." सगळे हसले, तोही हसला. मी सुकाणूवर बसून मनात म्हटलं, बघ, अंबाजी, तू केलंस ते चांगलंच केलंस. दोन-चार दिवस मी सुखानं जेवलो.

गणपती आले. मुंबईची माणसं घरोघर आली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीला आमच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती आणि थेरोंड्यावरनं शिवदास आला. चपला काढता काढताच सदाला म्हणाला, "काय रे, कार्ड टाकलं तर आला का न्हायस? तुझ्यासाठी जॉबरच्या हातापाया पडलो. बुधवारपर्यंत माग अडवून ठेवला त्यानं. शेवटी घाटावरचा कोण उभा होता त्याला दिला."

"कसलं कार्ड?" सदा म्हणाला.

माझ्या हातात झांजा होत्या. त्या खाली ठेवल्या, आत गेलो, झापातनं कार्ड काढलं आणि आणून त्याच्या हातात दिलं.

सदानं कार्ड वाचलं. मग परत वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. आणि त्याचा चेहरा उजळला. देवाशपथ सांगतो, मला वाटलं तो मला मारील, मी मार खायला उभा होतो, आणि त्याचा चेहरा उजळला. राहीकडे वळून म्हणाला, "राही, बोलावलं होतं बघ. नाव घातलंय. सदा हिरामण कोळी. मला बोलावलं होतं."

मग हळूहळू त्याच्या तोंडावरचं ते सगळं गेलं.

"कधी आलं?" त्यानं मला विचारलं.

"तेरसीला."

"पुनवेनंतरच्या?"

"व्हय."

त्यानं बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे आपण जवळा ओढत होतो तेव्हा मी तिथं फाटकावर पाहिजे होतो."

"व्हय."

मी वाट बघत होतो की तो काहीतरी बोलेल. मला शिव्या येतात, त्यालाही येतात, एकाच बापाची पोरं आम्ही. पण तो कार्ड घडी न करता खिशात घालून आत गेला. आरती तशीच राहिली, माणसं एकेक करून निघून गेली.

संध्याकाळी विहिरीवर राही भेटली. घागर भरत भरत म्हणाली, "भावजी, नोकरी गेली त्याचं मला काय न्हाय. गेली होतीच. पण पावणेदोन वर्सं मी त्यांना सांगत होते, येईल, येईल. शेवटी त्यांचा विश्वास उडाला, तरी मी सांगत राहिले. आणि ते आलं होतं. तुम्ही मला त्यांच्यापुढं खोटी पाडलीत." तिनं घागर कमरेवर घेतली आणि गेली.

भांग संपला तशी सदा होडीवर आला. शिमग्यापर्यंत बांधलेला ना तो. रोज आला, वेळेवर आला. सांगितलं ते करायचा, न सांगितलेलंही करायचा. माझ्याशी बोलायचा तेवढंच, 'व्हय दादा', 'न्हाय दादा'. मी दोन-तीनदा मुद्दाम त्याच्यावर ओरडलो, की उलटून बोलेल. बोलला न्हाय. पोस्टमन वाडीत आला तर त्या बाजूला बघतही नव्हता. काशीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं ते दिवाळीला सुरू केलं.

माघात पुन्हा कार्ड आलं. सकाळची वेळ, होड्या नुकत्याच लागलेल्या. पोस्टमननं वाचलं, शिवदासनंच लिहिलं होतं. एक माणूस कमी झालाय, जॉबर सदाचं नाव घेतोय, या आठवड्यात कधीही ये. या वेळी मी धावलो. पन्नाशीचा माणूस, वाळूत पाय रुतत होते, तरी धावलो. बायका, त्यांत राहीही, पाट्या भरता भरता बघत राहिल्या. होडीपाशी पाचही खलाशी होते. मला दम लागला होता, तरी आधी तेच म्हटलं. "सदा, सुटलास तू. ऐकताय ना सगळे? मी सोडला त्याला. आजच्या आगबोटीनं जा. हे बघ कार्ड."

सदानं ओले हात पुसले आणि कार्ड घेतलं. एकदाच वाचलं.

"मी येत न्हाय म्हणून शिवदासला कळव," तो म्हणाला. "नायतर मीच लिहितो."

"अरे, पण तुला माग पाहिजे होता ना?"

"पाहिजे होता."

"मग?"

"मग काय. जाईन. महिन्या-दोन महिन्यांनी परत काढतील. परत पेटी घेऊन यायचं, परत वाडी विचारणार, काय सदा, लागलं काय काम. परत वाट बघायची." त्यानं दर्याकडं पाहिलं. "ती वाट बघणं आता माझ्यानं होत न्हाय, दादा. नोकरीचं करीन मी कसंही. वाट बघायचं जमत न्हाय."

"मी हाय ना," मी म्हटलं. "या वेळी कार्ड आलं की मी लगेच..."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग शोधत होतो मी. राग असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. भिकू खाली बघून दोर गुंडाळायला लागला.

सदानं कार्ड माझ्या हातात परत दिलं.

"तूच ठेव," तो म्हणाला, आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन राहीच्या मागनं बाजाराकडे निघाला.